मंडळीतला मुलगा हॉस्पिटलमधून घरी येतोय, आणि आम्हाला काय करायचं तेच कळत नाहीये

पायरीपायरीनं यांचा प्रश्न

सगळ्यांना सलाम. लिहू की नको करत दोन आठवडे गेले, आज लिहितेच.

मी आमच्या चर्चच्या तरुण संघाचं काम बघते. मागच्या महिन्यात आमच्यातल्या एका मुलाचा (वय विशीतलं, ओळखू येईल असं काही लिहीत नाही) रात्री उशिरा मला मेसेज आला, "ताई, माझ्यासाठी आता प्रार्थना नका करू, उपयोग नाही." एवढंच. मी तीनदा वाचला. आधी वाटलं रागावलाय कशावर तरी, मग वाटलं सकाळी बोलू, आणि तिसऱ्यांदा वाचल्यावर पोटात गोळाच आला. त्याला फोन लावला, उचलला नाही, मग त्याच्या आईला लावला, त्या बाजूच्याच खोलीत झोपल्या होत्या, उठून गेल्या आणि देवाच्या दयेनं वेळेत गेल्या. आता तो हॉस्पिटलमध्ये आहे, पुढच्या आठवड्यात घरी येईल.

नंतर कळलं ते जास्त लागलं मनाला. त्याला आठ महिन्यांपासून डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या, घरच्यांशिवाय कोणाला माहीत नव्हतं, आणि तीन आठवड्यांपूर्वी त्यानं त्या स्वतःच बंद केल्या होत्या. का, तर आमच्याच एका प्रार्थनासभेत एका भावानं साक्ष दिली की मी गोळ्या फेकून दिल्या, प्रभूवर पूर्ण विश्वास ठेवला आणि मोकळा झालो. सगळ्यांनी मोठ्यानं आमेन म्हटलं. मीही म्हटलं. तो मुलगा माझ्या पुढच्याच बाकावर होता.

पाळकसाहेब चांगले आहेत, मनापासून काळजी करणारे आहेत, पण त्यांना सुचतं ते प्रार्थना आणि उपास एवढंच. ते स्वतः म्हणाले की बाई, सेमिनरीत, पाळकांच्या कॉलेजात, मला ग्रीक शिकवलं, रात्री बारा वाजता मरतो म्हणणाऱ्याशी काय बोलायचं ते कोणी शिकवलं नाही. कमिटीनं आता मला सांगितलंय की काय करायचं ते लिहून आण. मी काउन्सेलर नाही, डॉक्टर नाही. असा मेसेज पुन्हा कोणाचा आला तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, तो परत आल्यावर त्याच्याशी आणि बाकीच्यांशी काय बोलायचं, आणि चर्च म्हणून आमचं काम कुठपर्यंत, हे कोणीतरी नीट सांगा. "देवावर सोपवा" एवढंच लिहिणार असाल तर कृपा करून लिहू नका, ते मी रोज करतेच आहे.

---

वॉर्डातली सिस्टर

ताई, मी मानसोपचार विभागात नर्स आहे, खूप वर्षं झाली, आणि दर रविवारी चर्चलाही असते, त्यामुळे दोन्हीकडचं माहितीये. पहिलं हे की तुम्ही बरोबर केलंत. त्याच्या जवळ जे माणूस होतं त्याला उठवलंत, पहिल्या पाच मिनिटांत हेच करायचं असतं. फोन उचलत नाही, कुठे आहे कळत नाही, तर घरचे, शेजारी, रूममेट, जो कोणी पोचू शकेल तो, आणि तेही जमत नसेल तर इमर्जन्सीचा नंबर. लोक काय म्हणतील, उगाच गाजावाजा होईल, हे सगळं नंतर बघता येतं.

बोलणं झालंच तर सरळ विचारा. "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?" ह्याच शब्दांत. "तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना" असं विचारलं की समोरचा तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही म्हणतो आणि दार बंद होतं. विचारल्यामुळे डोक्यात विचार घुसतो असं खूप जणांना वाटतं, तसं होत नाही, ह्यावर भरपूर अभ्यास झालाय. बहुतेक वेळा उलट सुटल्यासारखं वाटतं त्यांना, की चला कोणीतरी नाव घेतलं. तो हो म्हणाला तर पुढचं विचारा, काही ठरवलंयस का, कधी, जवळ काही आहे का. जितकं जास्त ठरलेलं तितकी घाई जास्त. मग त्याला एकटं सोडायचं नाही, ज्यानं इजा होईल ते घरच्यांकरवी दूर करायचं, आणि हॉस्पिटल. प्रार्थना गाडीत बसून करा, नक्की करा, पण गाडी आधी काढा.

आणि गुप्ततेचं वचन आधीच देऊन बसू नका. "ताई कोणाला सांगणार नाही ना" म्हटलं की आपण हो म्हणून मोकळे होतो. मी असं म्हणते, "सगळ्यांना नाही सांगणार, पण तुझा जीव वाचवायला जो लागेल त्याला सांगेन, आणि सांगायच्या आधी तुला कळवीन."

गोळ्यांबद्दल. डिप्रेशनच्या गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात, मग बरं वाटायला लागतं आणि बरं वाटलं म्हणून माणूस सोडतो. एकदम सोडली की चक्कर, झोप उडणं, डोक्यात करंट बसल्यासारखं वाटणं, चिडचिड, हे होऊ शकतं, आणि मूळ आजार परत डोकं वर काढतो. बंद करायचीच तर डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

एक गोष्ट मात्र ठळक अक्षरात लिहून घ्या, डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. हॉस्पिटलमध्ये असताना सगळे जागे असतात, घरी आला की सगळे म्हणतात झालं बाबा एकदाचं, आणि तिथेच तो एकटा पडतो. चर्चचं खरं काम तुमच्या मुलाच्या बाबतीत पुढच्या आठवड्यात सुरू होतंय.

हेल्पलाइनचे नंबर लिहून ठेवा: भारतात टेली-मानस १४४१६, अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये समॅरिटन्स ११६ १२३. इथे बाहेर राहणारेही बरेच वाचतात म्हणून तिन्ही दिले.

---

दोन ऋतू

मी पेशंटच्या बाजूनं लिहिते. मला बायपोलर आहे. निदान व्हायच्या आधी आमच्या चर्चमध्ये एकवीस दिवसांची उपास-प्रार्थना होती, शेवटच्या आठवड्यात रात्रभर जागरण. मला चौथ्या रात्री झोपच लागेना आणि थकवाही येईना, बोलण्याचा वेग वाढला, वाटायला लागलं प्रभू माझ्याशी सगळ्यांपेक्षा जास्त बोलतोय. आणि दुःखाची गोष्ट अशी की मंडळीला ते आवडलं. मला पुढे बसवलं, प्रार्थना चालवायला दिली, लोक म्हणाले हिच्यावर आत्म्याचा अभिषेक आहे. सहाव्या दिवशी मी घरातले पैसे रस्त्यावर वाटत होते तेव्हा माझ्या भावाला कळलं की हे काहीतरी वेगळं आहे. मग महिनाभरानं मी खाली कोसळले, अंथरुणातून उठेना, तेव्हा तेच लोक म्हणाले सैतानानं पकडलंय. आजार एकच होता, वर गेला तेव्हा अभिषेक झाला आणि खाली आला तेव्हा सैतान.

ज्याला बायपोलर आहे त्याच्यासाठी जागरण म्हणजे काडी लावण्यासारखं आहे, झोप मोडली की मेनिया, म्हणजे मन बेफाम वर जाणं, सुरू होऊ शकतो. मी त्यासाठी लिथियम नावाचं औषध घेते, त्यात अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि ते विषासारखं होऊ शकतं, म्हणून कडक उपास मला चालत नाही. पाळकांना हे सांगायला मला तीन वर्षं लागली. त्यांनी ऐकून घेतलं आणि आता उपासाच्या दिवसांत व्यासपीठावरून दरवेळी सांगतात की ज्यांना औषध चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये, आणि त्यात विश्वास कमी पडला असं कोणी समजू नये. एक वाक्य आहे, पण ते ऐकताना दरवर्षी माझे डोळे भरतात. पायरीपायरीनं, तुमच्या यादीत हे वाक्य घालाच.

आणि भेटायला जाल तेव्हा काय करायचं विचारलंत ना. माझ्याकडे वॉर्डात बरेच जण आले, प्रत्येकानं वचन वाचलं, प्रत्येकाला घाई होती की मी हसावं. एक वयस्कर बाई आल्या, मला आजीसारख्या, त्यांनी माझ्या केसांचा गुंता बघितला, अकरा दिवस विंचरले नव्हते, पिशवीतून फणी काढली आणि टोकापासून हळूहळू सोडवत बसल्या. तासभर. मध्ये त्यांनी विचारलं काही वाचू का, मी म्हटलं ते स्तोत्र वाचा ज्यात शेवटी काहीच बरं होत नाही. ८८ वं. त्यांनी वाचलं, ते अंधारातच संपतं, आणि त्यांनी पुस्तक मिटलं. पुढचं स्तुतीचं स्तोत्र वाचायला घेतलं नाही. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की पवित्र शास्त्रात माझ्यासाठीही जागा आहे.

---

कृपेचा साक्षी

मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. मी स्वतः डिप्रेशनमधून बाहेर आलोय आणि मी मानतो की प्रभूनं मला बरं केलं. आज सगळीकडे असं चाललंय की काही झालं की लगेच डॉक्टर, प्रार्थनेचं नाव नंतर. मग आमच्यासारख्यांनी साक्ष द्यायचीच नाही का? लोकांना आशा लागते. माझी साक्ष ऐकून दोन जण चर्चला परत आलेत.

---

वॉर्डातली सिस्टर

दादा, साक्ष द्या, कोणी बंद करा म्हणत नाहीये. फक्त दोन गोष्टी. तुमच्यासोबत काय घडलं ते सांगा, दुसऱ्यानं त्याच्या गोळीचं काय करावं ते सांगू नका. आणि पूर्ण सांगा. तुम्ही त्या काळात औषध घेतलं होतं का? घेतलं असेल तर कसं बंद केलं? टोचून विचारत नाहीये, खरंच विचारतेय.

---

कृपेचा साक्षी

घेतलं होतं. दीड वर्ष. डॉक्टरांनीच नंतर कमी करत करत बंद केलं, चार-पाच महिने लागले त्याला.

हे मी साक्षीत कधीच सांगितलेलं नाही. खोटं बोलायचं म्हणून नाही, पण ते सांगितलं की साक्ष लहान होते असं वाटायचं, देवाला कमी श्रेय मिळतं असं. वरती ताईंनी लिहिलंय तो मुलगा पुढच्या बाकावर होता, ते वाचून मी काल रात्रभर विचार करतोय. माझ्या पुढच्या बाकावर कोण कोण बसलं होतं मला माहीत नाही. पुढच्या वेळी मी डॉक्टर आणि गोळ्या धरून सगळं सांगेन.

---

जुना कॅटेकिस्ट

मी कॅथलिक, वय झालं, धर्मशिक्षणात आयुष्य गेलं. आमच्याकडच्या काही गोष्टी लोकांना चुकीच्या माहीत असतात त्या सांगतो, कारण संकटाच्या वेळी चुकीची माहिती माणसाला आणखी खाली ढकलते.

आत्महत्या केलेल्याला चर्चमध्ये अंत्यविधी नाही, तो थेट नरकात, असं अजूनही घराघरांत बोललं जातं. १९१७ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या कायद्यात, जाणूनबुजून जीव दिलेल्याला अंत्यविधी नाकारायचं कलम होतं हे खरं. १९८३ च्या नव्या संहितेत ते काढून टाकलं. आणि १९९२ च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकात, परिच्छेद २२८२ आणि २२८३ बघा, स्पष्ट आहे की गंभीर मानसिक आजार किंवा तीव्र यातना असतील तर माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा व्यक्तीच्या तारणाबद्दल आशा सोडायची नाही, चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. ज्या घरात असं झालंय त्या घरी जाताना हे तोंडपाठ करून जा. मी एका बापाला हे परिच्छेद दाखवले होते, त्यानं बोट ठेवून ठेवून वाचले आणि मग विचारलं, हे खरंच छापलंय ना?

दुष्टात्म्याचं म्हणाल तर आमच्यात भूत काढायचा विधी बिशपच्या खास परवानगीशिवाय कोणी धर्मगुरू करू शकत नाही, आणि १९९९ च्या सुधारित विधीत म्हटलंय की लगेच बाधा समजू नका, गरज पडेल तसा वैद्यकीय आणि मानसोपचाराच्या जाणकारांचा सल्ला घ्या. म्हणजे जिथे विधी आहे तिथेही डॉक्टरला दार उघडं आहे. कोणाला बांधून ठेवून, उपाशी ठेवून, मारून प्रार्थना चालली असेल तर ती थांबवायची, मग ती कोणत्याही नावानं असो.

पापनिवेदनाबद्दल, म्हणजे कन्फेशनबद्दल एक. तिथे ऐकलेलं फादर कोणालाही सांगू शकत नाहीत, जिवावर बेतलं तरी नाही. म्हणून चांगले फादर काय करतात, त्या माणसाला विनवतात की हेच माझ्याशी बाहेर बसून बोल, म्हणजे मला तुझ्याबरोबर दवाखान्यात येता येईल. ज्यांना मदत हवीये त्यांनीही हे लक्षात ठेवावं, पापनिवेदन आणि मदत मागणं ह्या दोन वेगळ्या वेळा ठेवा.

आता ताई, तुम्ही म्हणालात मी काउन्सेलर नाही. चॅड व्हारा नावाचे एक अँग्लिकन धर्मगुरू होते. तरुणपणी, १९३५ मध्ये, त्यांच्या वाट्याला एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी आला. तिला पाळी सुरू झाली होती आणि तिला वाटलं आपल्याला काहीतरी वाईट रोग झालाय, विचारायला कोणीच नव्हतं, म्हणून तिनं जीव दिला. ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. १९५३ मध्ये लंडनच्या आपल्या चर्चमध्ये त्यांनी एक टेलिफोन लावला, जीव द्यावासा वाटणाऱ्यांनी फोन करावा म्हणून, तीच पुढे समॅरिटन्स. लोक इतके यायला लागले की बाहेर थांबलेल्यांशी बोलायला साधे स्वयंसेवक बसवले, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की स्वयंसेवकांशी बोलून झालं की अनेकांना आत जायची गरजच उरत नाही. कोणीतरी मन लावून ऐकलं होतं एवढंच. उपदेश नाही, धर्माचा आग्रह नाही, आजही तिथे तो नियम आहे. तर तुम्ही ऐकू शकता, ते काम तुमचं आहे. निदान आणि औषध डॉक्टरांचं.

---

वॉर्डातली सिस्टर

कॅटेकिस्ट काकांच्या म्हणण्याला जोडून, डिस्चार्जनंतर चर्च काय करू शकतं त्याचं एक उदाहरण. सॅन फ्रान्सिस्कोचे जेरोम मोटो नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. हॉस्पिटलमधून सुटल्यावर पुढचे उपचार नको म्हणणारे ८४३ पेशंट होते, त्यातल्या निम्म्यांना त्यांनी पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. पत्रात काय, तर तुम्ही इथून गेलात त्याला काही दिवस झाले, बरे असाल अशी आशा आहे, कधी लिहावंसं वाटलं तर आनंद होईल. बस. गोळी घेता का, भेटायला का नाही आलात, असलं काही नाही. ज्यांना पत्रं गेली त्यांच्यात पहिली दोन वर्षं आत्महत्यांचं प्रमाण कमी होतं. २००१ मध्ये हा अभ्यास छापून आला.

चर्चला ह्याच्यापेक्षा सोपं काय असणार? पण एक धरून करा, बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात त्या पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून येशूकडे आणलं होतं. एकट्यानं उचलायचा प्रयत्न केला असता तर दोघेही पडले असते. तुम्ही एकट्या ह्या मुलाच्या रात्रीच्या फोनच्या धनी होऊ नका, महिन्याभरात तुम्हीच आजारी पडाल, मी बघितलेत असे लोक.

---

पायरीपायरीनं

सगळ्यांचे मनापासून आभार, बारा दिवसांनी लिहितेय, कळवायचं होतं म्हणून.

तो घरी आला. आम्ही चौघं ठरलोत, दोन मुलं त्याच्या वयाची, एक निवृत्त शिक्षक आणि मी. एक वही केलीये, कोणत्या वारी कोण मेसेज करणार, डॉक्टरांच्या तारखेला कोण सोबत जाणार, आणि रात्रीचा फोन कोणाचा. चौघांची नावं आधी त्याला विचारून ठरवली, एक नाव त्यानं बदलायला लावलं, बदललं. मेसेजला उत्तर द्यायची सक्ती नाही हेही त्याला सांगितलंय. पाळकसाहेब, तो आणि त्याची आई डॉक्टरांकडे एकत्र जाऊन आले, तिथे एका कागदावर त्याच्याकडूनच लिहून घेतलं की बिघडायला लागलं की आधी काय होतं (त्यानं लिहिलं, मी गाणी ऐकणं बंद करतो), मग तो स्वतः काय करेल, मग कोणाला फोन, मग कोणतं हॉस्पिटल. त्याची एक कॉपी आईकडे, एक माझ्याकडे. गोळ्या आईंच्या कपाटात, कुलूप लावून, आठवड्याच्या आठवड्याला देतात.

चर्चमध्ये काय सांगायचं ते त्यालाच विचारलं. तो म्हणाला, आजारी होता, हॉस्पिटलमध्ये होता, एवढं सांगा. तेवढंच सांगितलं. कोणी खोदून विचारलं की मी म्हणते, त्याला वाटलं तर तो सांगेल.

हेल्पलाइनचे नंबर नोटीस बोर्डावर लावणार होतो, पण एका मुलीनं सुचवलं की बोर्डासमोर उभं राहून कोण लिहून घेणार सगळ्यांदेखत, बाथरूमच्या दारांना आतून लावा. लावले. साक्षीबद्दल सिस्टरांनी लिहिलं होतं तेही पाळकसाहेबांनी जाहीर सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज कापला. दोन ऋतू ताई, तुमचं उपासाचं वाक्य जसंच्या तसं घेतलंय. पाळकसाहेबांनी आणि मी मानसिक प्रथमोपचाराच्या कोर्सला नावही दिलंय, ऑस्ट्रेलियात २००० साली सुरू झालेला आहे तो, आता बऱ्याच देशांत शिकवतात.

मी त्याला सांगितलं की त्या दिवशी मीही आमेन म्हटलं होतं, आणि मला त्याचं वाईट वाटतंय. तो काही बोलला नाही बराच वेळ. मग म्हणाला, ताई, तुम्ही फोन पण केला होता.

एक राहिलंच होतं ते काल समोर आलं. वही दाखवायला त्यांच्या घरी गेले होते तर त्याच्या आई म्हणाल्या, सगळे त्याचं विचारतात. त्या रात्रीपासून त्या झोपलेल्याच नाहीत, दर तासाला उठून त्याच्या दाराशी जाऊन श्वास ऐकतात. आम्ही चौघांनी इतकं सगळं ठरवलं आणि हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वहीत आता त्यांच्यासाठी वेगळं पान केलंय. रात्री त्यांच्याकडे झोपायला जाऊ शकतील अशा दोन बायका हव्यात, म्हणजे त्या चार तास तरी सलग झोपतील. पहिल्या रात्री मी जातेय, बाकीच्यांचं रविवारी महिला मंडळात विचारते.